शिक्क्याची हद्द

कपडे घेताना कोणता शिक्का पाहावा, असे ओळखीतले अनेक जण मला विचारतात आणि त्यांना बहुधा एका नावात उत्तर हवे असते. या विचारण्यामागची भावना मी मनापासून मानते. आपल्या अंगावरच्या कपड्यासाठी कोणाच्या जिवाशी खेळ होऊ नये, कोणाची नदी नासू नये, एवढीच ती इच्छा असते. माझे माहेर यवतमाळ जिल्ह्यातले, कापूस पिकवणाऱ्या घरातले. त्यामुळे हा प्रश्न मला कधीच नुसता खरेदीचा वाटला नाही. तरीही एका नावात उत्तर देणे मी टाळते. साधा सुती सदरा घेतला तरी त्याच्या मागे शेत, जिनिंग, सूतगिरणी, माग, प्रोसेस हाऊस आणि शिलाईचा कारखाना एवढे टप्पे असतात, ते बहुधा वेगवेगळ्या गावांत आणि वेगवेगळ्या मालकांकडे असतात, आणि बाजारातला प्रत्येक शिक्का यांपैकी काही टप्प्यांबद्दल बोलतो, बाकीच्यांबद्दल बोलत नाही. तो जिथे बोलत नाही, तिथे आपण आपल्या मनाने अर्थ भरतो.

मध्यंतरी एका बारशासाठी झबली पाहत होते. पुढ्यातल्या झबल्याच्या आतल्या शिवणीत कापडी पट्टी होती, तिच्यावर ‘ओइको-टेक्स स्टँडर्ड १००’ असे छापलेले होते आणि खाली एक क्रमांक होता. दुकानातली मुलगी म्हणाली, ‘‘मॅडम, हे घ्या, हे पूर्ण ऑरगॅनिक आहे.’’ ती खोटे बोलत नव्हती, तिला तसेच सांगितले गेले असणार. पण या शिक्क्याचा सेंद्रिय शेतीशी संबंध नाही. १९९२ मध्ये ऑस्ट्रिया आणि जर्मनीतल्या वस्त्रसंशोधन संस्थांनी तो सुरू केला तो एकाच प्रश्नासाठी: हे कापड माणसाच्या त्वचेला, शरीराला अपाय करील का? त्यासाठी कापडच नव्हे, तर शिवणीचा दोरा, बटण, छपाई, चेन या सगळ्यांची प्रयोगशाळेत तपासणी होते. फॉर्माल्डिहाइड, जड धातू, काही घातक रंगद्रव्ये किती आहेत ते मोजले जाते. वापरानुसार चार वर्ग केलेले आहेत आणि तीन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या कपड्यांचा वर्ग सर्वांत कडक आहे, कारण बाळ कपडा चोखते. हे काम मोलाचे आहे आणि झबल्यासाठी मी तो शिक्का जरूर पाहते. मात्र त्या झबल्याचा कापूस कोणते औषध फवारून वाढवला, रंगाचे पाणी कोणत्या ओढ्यात गेले आणि शिवणाऱ्या बाईला किती मजुरी मिळाली, याबद्दल तो शिक्का काहीच म्हणत नाही. त्याच संस्थेचे कारखान्यांची पाहणी करणारे ‘मेड इन ग्रीन’ नावाचे निराळे लेबल आहे, ते वेगळे.

सेंद्रिय कापसासाठी जगभर सर्वांत जास्त मानला जाणारा शिक्का म्हणजे ग्लोबल ऑरगॅनिक टेक्स्टाइल स्टँडर्ड, अर्थात गॉट्स. त्याची पहिली आवृत्ती २००६ सालची. कापडात किमान ७० टक्के धागा सेंद्रिय हवा, आणि नुसते ‘ऑरगॅनिक’ असे लिहायचे असेल तर ९५ टक्के हवा, ही त्याची पहिली अट. शिवाय कोणती रसायने वापरायची नाहीत याची यादी आहे, धुलाई-रंगाईसारखी ओली प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याने सांडपाणी शुद्ध केलेच पाहिजे असे बंधन आहे, आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या निकषांवर आधारलेले कामगारविषयक नियमही आहेत. इतक्या बाजूंचा एकत्र विचार करणारे दुसरे प्रमाणपत्र सहसा दिसत नाही. पण याचीही हद्द आहे. गॉट्सची तपासणी जिनिंगपासून पुढे सुरू होते. कापूस सेंद्रिय आहे की नाही, हे त्याच्याआधी शेताच्या पातळीवर दुसऱ्याच यंत्रणेने ठरवलेले असते. भारतात हे काम २००१ पासून चालणाऱ्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाखाली होते आणि त्याची देखरेख ‘अपेडा’ ही केंद्र सरकारची शेतमाल निर्यात संस्था करते. म्हणजे परदेशातल्या दुकानात टांगलेल्या शर्टाचा सगळा डोलारा अखेर आमच्याकडच्या एखाद्या शेतकऱ्याच्या वहीवर उभा असतो.

ती वही मी पाहिली आहे. वर्धा जिल्ह्यातल्या सेंद्रिय शेतकऱ्यांच्या एका गटाच्या बैठकीला गेले होते, तेव्हा एका काकांनी ती पिशवीतून काढून माझ्या हातात दिली. गट नंबर, पेरणीची तारीख, बियाणे कुठून आणले, निंबोळी अर्क कधी फवारला, कामगंध सापळे किती लावले, पहिल्या वेचणीला किती कापूस निघाला, असे रकाने आखलेले होते आणि बॉलपेनने ते नेटके भरलेले होते. काही पानांवर हळदीचे बोट उमटलेले होते. मी कौतुक केले, तेव्हा ते म्हणाले, ‘‘वही त मी भरतोच ताई, पण धुऱ्यापलीकडून वारा आला तर त्याले कोण्या रकान्यात टाकू?’’

धुरा म्हणजे शेताचा बांध. पण त्यांच्या बोलण्याचा अर्थ नीट कळावा म्हणून थोडे मागे जावे लागेल. २००२ मध्ये बीटी, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या कापसाला परवानगी मिळाली आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत देशातल्या कापसाच्या क्षेत्रापैकी ९० टक्क्यांहून अधिक क्षेत्र बीटीखाली गेले. सेंद्रिय प्रमाणपत्राला जनुकीय बदल केलेले बियाणे चालत नाही. त्यामुळे सेंद्रिय शेतकऱ्याची पहिली लढाई बियाण्याशी असते. कृषी केंद्रात जाऊन मागावे तर मिळते ते बीटी संकरित पाकीट. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे ‘सूरज’ किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचे ‘रजत’ यांसारखे सरळ, म्हणजे संकरित नसलेले वाण हवे असेल, तर शोधत फिरावे लागते. ते मिळाले तरी शेजारच्या शेतातली फवारणी वाऱ्याबरोबर धुरा ओलांडून येते. नियमाने बाजूला मोकळा पट्टा सोडायचा असतो. पण ज्याच्याकडे तीन-चार एकरच आहे, त्याने पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, किती ओळी सोडून द्याव्यात? शिवाय रासायनिक शेती सोडल्यापासून कापूस सेंद्रिय म्हणून विकता येईपर्यंत साधारण दोन वर्षांचा संक्रमणकाळ जातो. त्या काळात उत्पन्न बहुधा घटते आणि भाव मात्र साध्या कापसाचाच मिळतो. ही दोन वर्षे शेतकऱ्याने कशाच्या बळावर काढायची, याचे उत्तर कोणत्याही लेबलावर छापलेले नसते, आणि माझ्या मते साऱ्या व्यवस्थेतली ही सर्वांत मोठी उणीव आहे.

एवढ्या अडचणी असल्या तरी सेंद्रिय शेतीचा मार्ग सोडून देण्याजोगा नाही, हे मला २०१७ च्या पावसाळ्याने पक्के शिकवले. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण रुग्णालयांत दाखल झाले, काहींची दृष्टी अधू झाली. पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या उंचीएवढी वाढलेली, अळीच्या धास्तीने औषधांची मिश्रणे केलेली, तोंडाला फार तर उपरणे, आणि फवारा थेट चेहऱ्याच्या उंचीवर. त्या हंगामात वेचलेला कापूसही पुढे गाठींत बांधला गेला, त्याचे सूत झाले, कापड झाले. तयार कपड्याच्या तपासणीत त्या फवारणीचा मागमूसही लागला नसता, कारण धुलाई, ब्लिचिंग आणि रंगाईतून गेलेले कापड स्वच्छच असते. म्हणून ‘अंगाला अपाय नाही’ आणि ‘कोणाला अपाय झाला नाही’ या दोन बाबी मी कधीही एक मानत नाही.

शेतातून निघालेला सेंद्रिय कापूस जिनिंगच्या आवारात येतो, तेव्हा आणखी एक अवघड गोष्ट घडते. आवारात दोन ढीग शेजारी पडलेले असतात, दोन्ही पांढरेशुभ्र. कोणता सेंद्रिय आणि कोणता साधा, हे पन्नास वर्षे कापसात घालवलेल्या माणसालाही नजरेने किंवा चिमटीत धरून सांगता येत नाही. रेच्यातून सरकी वेगळी होते, साधारण एक तृतीयांश वजनाची रुई उरते आणि तिच्या १७० किलोच्या गाठी बांधल्या जातात. यापुढे त्या रुईचे सेंद्रियपण रुईत राहत नाही, कागदात राहते. प्रत्येक विक्रीला एक व्यवहार प्रमाणपत्र निघते: अमुक लॉटमधला इतका माल अमुक गिरणीला दिला. पुढच्या टप्प्यावरचा तपासनीस आलेल्या आणि गेलेल्या मालाचे वजन जुळवून पाहतो. या साखळीत जो कोणी खोटा कागद आत सरकवील, तो साध्या कापसाला एका रात्रीत सेंद्रिय करू शकतो.

असे घडलेही. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये खुद्द गॉट्सने जाहीर केले की भारतातल्या सुमारे २०,००० टन कापसाबाबत बनावट पुरावे सापडले आहेत. कच्च्या कापसाची खोटी व्यवहार प्रमाणपत्रे तयार केली गेली होती, आणि त्यांवरचा क्यूआर कोड स्कॅन केला की अपेडाच्या संकेतस्थळाची हुबेहूब नक्कल असलेल्या खोट्या संकेतस्थळावर माणूस पोहोचत होता. म्हणजे पडताळणी करणाऱ्यालाही ‘खरे आहे’ असेच उत्तर मिळावे, इतकी चोख तयारी. २०,००० टन रुई गाठींत मोजली तर एक लाख सतरा हजारांहून अधिक गाठी होतात. यात पहिला बळी ग्राहकाचा जातो असे वाटते, पण मला त्या वहीवाल्या काकांची आठवण येते. बाजारात खोटा सेंद्रिय कापूस स्वस्तात मिळत असेल, तर खऱ्याला वरचा भाव कोण देणार? दोन वर्षे तोटा सोसून ज्याने प्रमाणपत्र मिळवले, त्याच्या कष्टाची किंमत या कागदांनी उतरवली. पुढच्याच वर्षी, जानेवारी २०२१ मध्ये, अमेरिकेच्या कृषी खात्याने भारतीय सेंद्रिय प्रमाणीकरणाला दिलेली मान्यता काढून घेतली आणि निर्यात करू पाहणाऱ्या प्रामाणिक गटांनाही पुन्हा नव्याने तपासणीला उभे राहावे लागले.

बेटर कॉटनची गोष्ट याहून वेगळी आहे आणि ती अनेकांना ठाऊक नसते. हा उपक्रम सेंद्रिय नाही, बीटीला त्यात मनाई नाही. कमी पाणी, कमी कीटकनाशक आणि मजुरांना बरी वागणूक या दिशेने शेतकऱ्याला नेणे हा त्याचा हेतू. त्याची सुरुवातीपासूनची मोजदाद वजनाच्या ताळेबंदावर चालत आली आहे: जितका कापूस त्या पद्धतीने पिकला तितकी नोंद साखळीत पुढे सरकते, पण प्रत्यक्ष माल वाटेत दुसऱ्या कापसात मिसळू शकतो. म्हणजे ते चिन्ह असलेल्या टी-शर्टमध्ये त्या शेतातला एकही धागा नसण्याची शक्यता असते. उगम शोधता येईल अशी वेगळी सोय त्यांनी २०२३ पासून सुरू केली. मोठ्या संख्येने लहान शेतकऱ्यांपर्यंत पोहोचायचे तर ताळेबंदाचा मार्ग समजण्यासारखा आहे, असे मला वाटते. माझी हरकत एवढीच की दुकानातल्या फलकावर हे स्पष्ट शब्दांत लिहावे.

रंगाईकडे आले की मला तमिळनाडूतल्या तिरुपूरची नोय्यल नदी आठवते. तिरुपूर म्हणजे देशातल्या होजिअरीच्या, टी-शर्टसारख्या कपड्यांच्या, निर्यातीची राजधानी. तिथल्या ब्लिचिंग आणि डाइंगच्या कारखान्यांचे खारे, रंगीत पाणी वर्षानुवर्षे नोय्यलमध्ये जात राहिले आणि शेतीच्या पाण्यासाठी बांधलेले ओरत्तुपाळयम धरण त्या पाण्याचे साठवण कुंड होऊन बसले. खालच्या अंगाच्या शेतकऱ्यांनी न्यायालयात धाव घेतली. मद्रास उच्च न्यायालयाने आधी कारखान्यांना थेंबभरही सांडपाणी बाहेर न सोडण्याची अट घातली, आणि ती पाळली जात नाही असे पाहून जानेवारी २०११ मध्ये रंगाईचे कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. त्यानंतर मात्र पाणी शुद्ध करून पुन्हा वापरणारी केंद्रे उभी राहिली आणि आज तिरुपूर त्याच गोष्टीचा अभिमानाने उल्लेख करते. ज्या काळात नदी मरत होती, त्याच काळात तिथून पाश्चात्त्य देशांतल्या नामवंत ब्रँडांकडे माल जात होता. नदी वाचवण्यासाठी पहिले पाऊल उचलले ते तिचे पाणी ज्यांच्या पिकाला लागत होते त्यांनी. इचलकरंजीतल्या प्रोसेस हाऊसचे पाणी आणि पंचगंगा यांविषयी कोल्हापूर जिल्ह्यात चाललेला लढा मी याच नजरेने पाहते.

शिलाईच्या कारखान्यांबद्दल लिहिताना हात जड होतो. ११ सप्टेंबर २०१२ रोजी कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली आणि २५० हून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. खिडक्यांना गज होते, बाहेर पडायचे दरवाजे बंद होते. ही आग खंडणीसाठी लावण्यात आली होती, असा निकाल पुढे २०२० मध्ये तिथल्या न्यायालयाने दिला. पण लावलेल्या आगीतूनही माणसे बाहेर पडू शकली असती, ती पडू शकली नाहीत. या कारखान्याला आगीच्या काही आठवड्यांपूर्वीच ‘एसए ८०००’ हे प्रमाणपत्र मिळालेले होते. १९९७ पासून चालत आलेले, कामगारांची सुरक्षा, वेतन, कामाचे तास, संघटनेचा हक्क या सगळ्यांची हमी देणारे, जगात मान असलेले प्रमाणपत्र.

पुढच्याच वर्षी, २४ एप्रिल २०१३ रोजी, ढाक्याजवळच्या सावर इथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. १,१३४ माणसे गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले सर्वांनी पाहिले होते. खालच्या मजल्यावरच्या बँकेने आपल्या कर्मचाऱ्यांना घरी ठेवले, आणि वरच्या मजल्यांवरच्या कपड्यांच्या कारखान्यांनी कामगारांना मशीनवर बोलावले. त्यांपैकी दोन कारखान्यांचे सामाजिक लेखापरीक्षण, म्हणजे कामगारांच्या परिस्थितीची तपासणी, झालेली होती. इमारतीचे बांधकाम तपासणे हा त्या परीक्षणाचा भाग नव्हता, असे नंतर सांगण्यात आले. हे उत्तर नियमाला धरून आहे, आणि म्हणूनच ते मला अधिक अस्वस्थ करते. तपासणारा माणूस त्याच जिन्याने वर गेला असेल, त्याच खांबांमधून फिरला असेल, वयाचे दाखले आणि हजेरीपट पाहून, कामाचे तास लिहून खाली उतरला असेल.

या दोन घटनांनंतर मी कोणत्याही प्रमाणपत्राबद्दल आधी हे पाहू लागले की तपासणीचे पैसे कोण देतो, तपासनीस सांगून येतो की न सांगता, अहवाल कोणाला वाचायला मिळतो, आणि तपासणीच्या वेळी कामगार मालकाच्या नजरेआड बोलू शकतो का. बहुतेक ठिकाणी पैसे कारखानाच देतो आणि अहवाल गुप्त असतो. राणा प्लाझानंतर मे २०१३ मध्ये बांगलादेशात जो ‘अ‍ॅकॉर्ड’ झाला, तो मला या सगळ्यांत उजवा वाटतो, आणि तो प्रमाणपत्र नव्हताच. ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यातला तो कायद्याने बांधणारा करार होता. स्वतंत्र अभियंत्यांनी इमारती तपासल्या, अहवाल सर्वांना वाचता येतील असे प्रसिद्ध झाले, दुरुस्तीसाठी पैसा उभा राहील हे पाहण्याची जबाबदारी ब्रँडांवर आली, आणि धोका दिसल्यास काम नाकारण्याचा हक्क कामगाराला मिळाला. २३ एप्रिलला तडे पाहणाऱ्या बाईच्या हातात हा हक्क असता, तर ती दुसऱ्या दिवशी त्या इमारतीत गेली नसती. जो शिक्का भोगणाऱ्या माणसाला बोलण्याची जागा देतो, त्याच्यावर मी जास्त विश्वास ठेवते. बाकीच्यांवर त्यांच्या हद्दीपुरता.

आपल्या घरचे शिक्केही या निमित्ताने नीट वाचावेत. खादी मार्क म्हणजे हाताने कातलेले आणि हाताने विणलेले कापड, २००६ चा हँडलूम मार्क म्हणजे हातमागाचे, २००४ चा सिल्क मार्क म्हणजे शुद्ध रेशीम. पैठणीवरचा सिल्क मार्क तिच्या रेशमाची खात्री देतो. ती हातमागावर विणली की यंत्रावर, हे सांगत नाही. मातीच्या घागरीचे चिन्ह असलेला पर्यावरणविषयक ‘इकोमार्क’ १९९१ पासून आपल्याकडे आहे, पण कपड्यावर तो पाहिल्याचे मला आठवत नाही.

ज्यांवर कसलीच तपासणी नाही असे ‘इको’, ‘ग्रीन’, ‘कॉन्शस’ हे शब्द मात्र कपड्यांवर भरपूर दिसतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा दिशाभूल करणाऱ्या पर्यावरणविषयक दाव्यांबद्दल मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. दावा करणाऱ्याने त्याचा पुरावा ग्राहकाला उपलब्ध करून द्यावा, असे त्यांत म्हटले आहे. त्यांचा वापर आपण केला पाहिजे. गॉट्सच्या खऱ्या लेबलावर प्रमाणित करणाऱ्या संस्थेचे नाव आणि परवाना क्रमांक असतो, तो त्यांच्या खुल्या यादीत शोधता येतो. ओइको-टेक्सचा क्रमांकही तसाच तपासता येतो. मी तो दुकानात उभ्या उभ्या तपासते, आणि सापडला नाही तर कंपनीला लिहून विचारते. उत्तर दर वेळी येत नाही. जे पत्र येते, त्यात शिलाई कोठे झाली याचे नाव असेल, तर ती कंपनी माझ्या लेखी इतरांपेक्षा पुढे असते.

सध्या माझे लक्ष लागले आहे ते शेताकडच्या एका बदलाकडे. आजवर गटाचे प्रमाणपत्र बहुधा गट चालवणाऱ्या कंपनीच्या किंवा संस्थेच्या नावावर असे. शेतकरी राबला, वही त्याने भरली, पण त्या खरेदीदाराने कमी भाव दिला म्हणून तो आपला कापूस सेंद्रिय या नावाने दुसऱ्याला विकू शकत नव्हता. गटाबाहेर पडताच तो साधा कापूस होत असे. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाच्या जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीने उत्पादक गटाला स्वतःचे कायदेशीर अस्तित्व असावे, अशी अट घातली आहे. कागदावर हे फार मोठे पाऊल आहे. प्रत्यक्षात त्या गटाच्या खात्यावर कोणाची सही चालते, भाव ठरवायला बैठकीत कोण बसते आणि कोणत्याही कंपनीला ‘या भावात देत नाही’ असे सांगण्याची ताकद त्या काकांच्या गटात येते का, हे पुढच्या दोन-तीन हंगामांच्या वेचणीत कळेल.